बाबाचं अक्षर

प्रिय सारजा,

नावानंच हाक मारतो. आता कोणाची लाज धरायची? तुला जाऊन दोन वर्षं झाली, आणि चार दिवसांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, चांदूर बाजारच्या शाळेच्या ओट्यावर पंतोजी मला पोट धरून हसले. तेव्हापासून माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला आहे. पंतोजींवर राग काढून उपयोग नाही, त्यांचा काय दोष? मायवर काढला, तर तिनं एक वेळचं जेवण सोडलं. बैलावर काढला, तो शेपूट हलवून मोकळा झाला. मग उरलीस कोण? तूच. म्हणून कागद आणला, पटवाऱ्याकडून बोरू आणि शाई मागून घेतली, आणि तुला लिहायला बसलो.

हो, मीच लिहितो आहे. कागदाची उलटी बाजू कोणती आणि सुलटी कोणती, हे ज्याला कळत नव्हतं, तोच मी. दोन बोटं मजकूर झाला की मान आखडते. पण लिहिणार. तुला ऐकावं लागेल.

नऊ वर्षं आपण एका चुलीवरचं खाल्लं. नऊ वर्षांत तुझ्या तोंडून एकदाही निघालं नाही की तुला अक्षरं येतात! मी काय वाघ होतो? बरं, थोडा होतो. पण वाघाच्या घरातही बाई चार गोष्टी सांगते. तू सगळं सांगायचीस. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेनं सासूला उलटं उत्तर दिलं, सगळं. फक्त हेच नाही.

ते वर्ष आठव. सात समुद्रांपलीकडे कुठल्याशा गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, आणि त्या लढाईपायी आपल्या वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हे तो मान आला होता. जो तो कापूस पेरत सुटला. मीही वांगी उपटली, मेथीचे वाफे मोडले, विहिरीजवळच्या झेंडूच्या ओळीसुद्धा ठेवल्या नाहीत. बापजाद्यांपासून भाजी आणि फुलं विकणारे आपण, आणि दारापर्यंत कापूस!

"एक वाफा तरी ठेवा," तू म्हणाली होतीस. "लेकराले भाजी कुठून आणू?"

"बजारातून आण," मी म्हणालो होतो.

माळ्याच्या घरात बाजारातून मेथी! तू नुसती बघत राहिलीस. तेव्हा भांडली असतीस तर बरं झालं असतं.

घरात कापूस, माजघरात कापूस, देवाच्या कोनाड्याखाली कापूस. ओसरीवर तुझा रेचा. दोन लाकडी लाटांमधून कापूस ओढायचा, रुई पलीकडे पडायची आणि सरकी अलीकडे, तुझ्या पायाशी. एका हातानं दांडा फिरवायचीस, दुसऱ्या हातानं कापूस लावायचीस. दोन्ही हात गुंतलेले, पण पाय मोकळा होता ना! पायाच्या अंगठ्यानं तू सरकी सरकवायचीस. इकडे पाच दाणे, तिकडे सात. आणि समोर आपली गोदी, पाच वर्षांची, पोटावर पालथी पडून बघत असायची. एकदम ओरडायची, "क! क हाय, माय!" मग तू अंगठ्यानं ते मोडायचीस आणि दुसरं मांडायचीस.

हे मी पाहिलं आहे, सारजा. रोज पाहिलं. मला वाटायचं, कावळ्याचा काही खेळ असेल.

भाकरी झाल्यावर उरलेल्या पिठाच्या वळकट्या करून तू तव्यावर काही तरी वाकडं-तिकडं भाजायचीस. गोदी ते हातात घेऊन फिरवून फिरवून बघायची, काही तरी पुटपुटायची आणि मग खायची. एकदा मी शेतातून भुकेला आलो होतो, आणि तुम्ही दोघी पिठाशी खेळत बसलेल्या. त्या दिवशी मी तुझ्यावर हात उचलला. एकदाच. एकदाच म्हणून काय झालं? तव्यावरचं ते वाकडं पीठ करपून गेलं, आणि तू पदराला हात पुसून मला भाकरी वाढलीस. गोदी कोपऱ्यात उभी होती. त्या वेळी तरी सांगायचं होतंस, की अहो, हे खेळणं नाही, मी पोरीला अक्षरं शिकवते आहे!

आणखी एक आठवतं, ते आठवून तर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. एके सकाळी मी गाडी जुंपत होतो. गोदी धावत आली. तळहातावर चुलीतल्या राखेनं काही तरी काढलेलं. "बाबा, हे काय हाय?"

"राख हाय," मी म्हणालो. "हात धू."

ती तुझ्याकडे वळून बघत उभी राहिली. तूही बघत होतीस, दारातून. मी बैलांना हाक दिली आणि निघालो.

मग तुला तो ताप आला. घसा धरला, गळा बाहेरून सुजला, तिसऱ्या दिवशी आवाज पार गेला. पोरीला लागू नये म्हणून माझी बहीण तिला अकोल्याला घेऊन गेली. घरात कापूस होता म्हणून तुझं अंथरूण ओसरीवर, सरकीच्या ढिगाजवळ. हे लिहिताना हात थांबतो. कापूस आत आणि तू बाहेर! आणि कोणालाच, मलाही, त्यात काही वावगं वाटलं नाही.

अमरावतीला कापूस पोचवून मी भर दुपारी परत आलो. आधी बैल सोडले. मग तुझ्याकडे आलो. तू भिंतीला टेकून बसली होतीस. तुझ्या उजव्या हाताशी सारवलेल्या जमिनीवर सरकी मांडलेली. आधी एक गुंतागुंतीचं काही तरी, पोटात गाठ असलेलं. त्याच्या शेजारी सरळ उभी ओळ, काडीसारखी. मग दुसरं काही. परत उभी काडी. तिच्यापुढे नुसते दोन-चार दाणे, अजून न मांडलेले.

"हे काय पेरून ठेवलं इथी?" मी म्हणालो. "ढोराचं खानं हाय हे!"

ओणवा झालो, दोन्ही हातांनी ओढून ओंजळ भरली. तू माझं मनगट धरलंस. हात चटका बसावा इतका तापलेला. मान हलवलीस, नाही, नाही. ओठ हलले. मला वाटलं, पाणी मागते आहे. मनगट सोडवून घेतलं, सरकी पवळ्या बैलाच्या गव्हाणीत टाकली आणि मग पाणी आणलं. तू पाणी घेतलं नाहीस. भिंतीकडे तोंड केलंस. दिवे लागायच्या आत तू गेलीस.

पवळ्यानं ती सरकी खाल्ली. मी तिथंच उभा होतो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी बहीण गोदीला घेऊन आली. कोणी तिला काही सांगितलं नव्हतं, पण पोरांना कळतं. ती कोणाजवळ गेली नाही, रडली नाही. ओसरीवर तुझ्या रेच्यापाशी जाऊन बसली आणि ढिगातली सरकी घेऊन मांडायला लागली. एक आकार, त्याला उभी काडी, मग आणखी एक आकार. ती काडी मी ओळखली. काडीच्या आधीचा आकारही ओळखला. तू मांडलेल्यातला दुसरा होता तो.

"गोदे, हे काय हाय वं?"

"माय," ती म्हणाली. "म ले काना, मंग य. माय लिवलं."

"कोनं शिकवलं तुले?"

"मायनं. खेळता खेळता."

दुसऱ्या दिवशी तुझे वडील आले, तेव्हा त्यांनी बोलता बोलता सांगितलं. लहानपणी तू त्यांच्याबरोबर फुलांची टोपली घेऊन मोर्शीच्या देवळात जायचीस, ओवरीत शाळा भरायची, आणि फुलं देऊन होईपर्यंत तू पायरीवर बसून पोरांचं घोकणं ऐकायचीस, धुळीत बोट फिरवायचीस. "तुमाले सांगतलं असंनच तिनं," ते म्हणाले. मी हो म्हणालो. सासऱ्यापुढं, तेराव्याच्या पानावर बसून, खोटं बोललो.

म्हणजे त्या दुपारी ओसरीवर तू काही तरी लिहिलं होतंस. आवाज नव्हता म्हणून लिहिलंस. आणि मी ते बैलाला चारलं! काय होतं ते? गोदीला काही सांगायचं होतं? मला? कुठं काही ठेवलं होतंस? माझ्यावर राग होता? दोन वर्षं मी हे एकच डोक्यात घेऊन फिरलो. दुसऱ्या कोणाला विचारणार कसं? मला तो पहिला आकार काढताच येत नव्हता. दिसला असता तर ओळखला असता, पण हातातून उतरत नव्हता. आणि विचारायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं.

मग एकच उरलं. पोरीकडून शिकायचं.

तुझी पोरगी तुझ्याहून वरचढ आहे, सांगून ठेवतो. पुढचं अक्षर हवं तर आधीचं पक्कं पाहिजे. तेही शाळेच्या क्रमानं नाही, तुझ्या क्रमानं. क कापसाचा, स सरकीचा, र रेच्याचा, भ भाकरीचा. माझ्या मायच्या मागे लागून ती पिठाचा गोळा घ्यायची आणि तव्याच्या कडेला अक्षर भाजायची. ओळखलं तर मी खायचं, नाही ओळखलं तर ती खायची. पहिला महिनाभर मी अर्धपोटी राहिलो. अंगणात राखेनं अक्षरं काढून त्यावरून लंगडी. एवढा बाप्या माणूस, धोतर खोचून एका पायावर भ वरून ळ वर उड्या मारतो आहे! शेजारचा तुकाराम कुंपणावरून बघून म्हणाला, "काय झामाजी, पाय मोडला का?" म्हटलं, "हो, मोडला." दुसरं काय सांगणार?

"म्या एक अक्षर पायलं होतं," मी तिला म्हणायचो. "पोटात गाठ असलेलं. ते सांग."

ती छ काढायची, ळ काढायची, ह काढायची. मी नाही म्हणायचो.

"आनखी एक हाय," ती म्हणायची, "पन ते आखरीले. मायनं सांगतलं हाय."

किती विनवलं! गूळ दिला, दटावलं. ऐकेल तर ती तुझी पोरगी कसली. आणि मला वेळ तरी कुठं होता? पेरणी, निंदणी, वेचणी, गाड्या. मध्येच कधी चार अक्षरं पुढे सरकायचो, मध्येच तीन विसरायचो. मग तिकडची लढाई संपली म्हणतात. कापसाचा भाव बसला, अमरावतीच्या वाटेवरची गाड्यांची रांग तुटली, कालपर्यंत बैलांच्या शिंगांना चांदी लावणारे लोक तोंड लपवून फिरू लागले. मला मात्र वेळ मिळाला. या उन्हाळ्यात बसून मी सगळी अक्षरं संपवली. एक सोडून.

दहा दिवसांपूर्वी गोदीनं ते शेवटचं मांडलं. त्याच ओसरीवर, त्याच जागी. आधी पोट, मग पोटातली गाठ. मी ओरडलोच. हेच! हेच ते!

"हे काय हाय, गोदे?"

"हे बाबा," ती म्हणाली.

मी घाईघाईनं त्याला काडी लावली, पुढे म काढला, म ला काडी लावली. तू मांडलं होतंस तसंच. "आता वाच."

तिनं बोट ठेवून वाचलं. "बाबा... मा." मग माझ्याकडे बघितलं. "पुढचं कुठी हाय?"

पुढचं नव्हतं.

सारजा, त्या बाजाराच्या दिवसापर्यंतचे सहा दिवस माझे कसे गेले ते तुला सांगतो. बाबा मा. बाबा मा काय? बाबा माफ करा? तू कशाची माफी मागणार होतीस? की पोरीला सांगत होतीस, बाबा मारतात, सांभाळून राहा? एकदाच मारलं होतं ना ग! एकदाच! जाताना तेवढंच आठवलं का तुला? मी तुझ्याशी मनातल्या मनात इतका भांडलो की पवळ्याला पाणी दाखवायचं विसरलो. आणि भांडून झालं की वाटायचं, लिहिलं असेल तर खरंच लिहिलं असेल. सातव्या दिवशी राहवेना. शरम गुंडाळून ठेवली आणि पंतोजींकडे गेलो.

पोरं ओळीनं बसलेली. मी ओट्याच्या खाली उभा राहिलो.

"काय काम काढलंत?" पंतोजी म्हणाले.

"एक वाचून द्या जी. 'बाबामा' म्हंजे काय होते?"

"बाबामा? कुठं लिहिलंय असं?"

मी ओट्यावरच्या धुळीत बोटानं काढलं. गाठीचं पोट, काडी, म, काडी. त्यांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, याला बाबा कोण म्हणतं? हा झ. झबल्यातला झ. झा, मा. झामा. तुमचं नाव काय?"

मी सांगितलं.

मग ते हसले. असे हसले की पागोटं सावरावं लागलं. "स्वतःचं नाव ओळखता येईना, आणि म्हणे बाबामा!" पोरं तर लोळलीच. मी हललो नाही. त्यांचं हसून झाल्यावर विचारलं, हे अक्षर आणखी कशात येतं? ते म्हणाले, "पुष्कळ ठिकाणी. माझं आणि तुझं लिहायचं तर याच्यावाचून चालत नाही." आपण बोलताना माहं-तुहं म्हणतो. कागदावर लिहायला मात्र हे लागतं, म्हणून इथं लिहितो आहे. राम राम न घालताच मी तिथून निघालो.

वाटेत दोन्ही बाजूंना झाडं होती. आणि चालता चालता एकदम डोक्यात उजेड पडला. तू झाडाला कधी झाड म्हटलं नाहीस. रुख म्हणायचीस. झोपेला नीज. झेंडूला गेंदा. झालं म्हणायचं तर जालं. नऊ वर्षं! मला वाटायचं, मोर्शीकडची बोली असेल. मी एकदोनदा चिडवलंसुद्धा होतं, "तुह्या माहेरी बोलता येत नाई का कोनाले?" तू तोंडाला पदर लावून हसली होतीस.

घरी आलो तो तडक मायपुढे उभा राहिलो. "तिले माह्या नावाचं पयलं अक्षरबी बोलू नोको म्हनून सांगतलं होतं का तू?"

माय धान्य निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. "नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य कमी होते, हे तं सगळ्याइलेच ठाऊक हाय."

"नावाचं ठाऊक हाय. अक्षराचं विचारून राहिलो मी!"

"माह्या सासूनं मले सांगतलं, म्या तिले सांगतलं. तुह्याच जिवासाठी ना रे? जगून राहिला ना तू?"

जगतो आहे. हो. मी जगतो आहे आणि तू गेलीस! हेच मी तिला ओरडून सांगितलं, आणि तिनं सूप तसंच टाकून आत जाऊन तोंडावर पदर घेतला. आता तिच्यावर किती रागवायचं? ती म्हातारी बाई, तिनं ऐकलं तेच दिलं. पण तू? तुला अक्षरं येत होती! ज्याला अक्षरं येतात त्याला इतकं कळू नये? चुलीपाशी, विहिरीवर, कोणी नसताना, एकदा तरी झाड म्हणून बघायचं होतंस. मी मेलो असतो का?

आणि पोरीच्या अक्षरांत भोक ठेवलंस ते वेगळंच. मी गोदीला विचारलं, याला बाबा काहून म्हणते? ती म्हणाली, "माय म्हने, हे अक्षर आपुन नाई बोलायचं, नुसतं काढायचं. हे बाबाले विचार, बाबा सांगतीन." मग म्हणाली, "म्या विचारलं होतं तुमाले. हातावर काढून आनलं होतं. तुमी राख म्हनले."

म्हणजे तू मला बोलावत होतीस. पोरीच्या तळहातावर तू मला निरोप पाठवला होतास, की या, तुमच्यासाठी एक अक्षर राखून ठेवलं आहे, तेवढं तुम्हीच सांगू शकता. या म्हणून तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून असं केलंस. आणि मी हात धुवायला लावला.

मला वाचता येत नव्हतं हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या दुपारी तू माझंच नाव मांडलंस. मी अंगणात पाठमोरा बैल सोडत होतो, दहा पावलांवर, आणि तुला हाक मारायची होती. एवढंच होतं ते. ना माफी, ना तक्रार. नुसती हाक. जन्मात पहिल्यांदा मला नावानं हाक मारलीस, आणि मी ती बैलाला चारली.

असं मी परवापर्यंत समजत होतो. पहिल्यांदा.

परवा दुपारी मी ओसरीवर पालथा पडलो होतो. गोदी येऊन पाठीवर बसली. "बाबा, पाठीवरचा खेळ खेळू?" हा खेळ तिनं मला कधी शिकवला नव्हता. बोटानं पाठीवर लिहायचं, दुसऱ्यानं न बघता ओळखायचं. "माय माह्या पाठीवर लिवे," ती म्हणाली. मी म्हटलं, लिही. तिनं हळूहळू बोट फिरवलं. गोल पोट, आत वळून गाठ, खाली सरळ रेघ. मग म. मग रेघ. मग ज, आणि त्याला वरून वळसा घेऊन खाली येणारी वेलांटी.

मी तसाच पडून राहिलो. ती विचारत होती, "सांगा, काय लिवलं? सांगा ना!"

ते बोट मला ओळखीचं होतं, सारजा. अमरावतीहून गाडी हाकून यायचो, पाठ धरलेली असायची, तू तेल लावायचीस. आणि तेल जिरलं की तुझं एक बोट असंच फिरायचं. गोल, गाठ, खाली रेघ. मला गुदगुल्या व्हायच्या. "काय करून राहिली?" मी विचारायचो.

"मुंगी होती," तू म्हणायचीस.

आणि मी पाठ झटकायचो. दर वेळी. किती वेळा, सारजा? पाच वर्षं? सात? माझ्या पाठीवर माझं नाव लिहून तू मला हाक मारत होतीस, आणि मी ती मुंगी समजून झटकत होतो! सांगायचं होतंस ग! चिडलो असतो, ओरडलो असतो, मायला सांगितलं असतं कदाचित. पण मला कळलं असतं!

राग गेलेला नाही. इतक्या लवकर जायचा नाही. पण आता तो कोणावर आहे, ते मला ठाऊक झालं आहे.

गोदीला काल ते अक्षर सांगितलं. आधी घाबरली, आजीकडे बघितलं. म्हटलं, बोल, मला काही होत नाही. हळूच म्हणाली, "झ." मी जिवंतच होतो. मग मोठ्यानं म्हणाली. मग अंगणभर धावत सुटली, झाड, झाडू, झोका, झेंडू, झोपडी! मायनं कानांवर हात ठेवले. पण उठून आत गेली नाही, आणि आज सकाळी पिठाचा गोळा तिनं गोदीला न मागता दिला.

विहिरीजवळचा एक वाफा कापसातून मोकळा केला आहे. मेथी टाकली, कडेनं झेंडू.

आता वचन देतो. गोदीच्या अक्षरांत भोक राहणार नाही. ती लग्न होऊन जिथं जाईल तिथं तिला जे अक्षर येतं ते तोंडानं म्हणता येईल, असंच घर बघेन. नाही मिळालं तर माझ्याच ओसरीवर बसून ती गावातल्या पोरींना सरकी मांडायला शिकवेल. ती पाठीवर लिहील तेव्हा मी पाठ झटकणार नाही. आणि ओसरीवर मांडलेली सरकी या घरात कोणी विचारल्यावाचून उचलणार नाही, बैल उपाशी राहिला तरी चालेल.

खाली सही करतो आहे. 'जी' लावत नाही. तू तिथवर पोचली नव्हतीस, मी पोचू दिलं नाही. जिथं तुझा हात थांबला, तिथंच माझाही थांबतो.

तुझा,
झामा